नाथाजीच्या कमरेचा पट्टा

विटा, मळ्यातून
१४ डिसेंबर १९७४

दोस्त दस्तगीरास नाथाजीचा पोटापासून सलाम.

हे पत्र वाचायच्या आधी दुकानातली गिऱ्हाइकं जाऊ दे. मी मेलो नाही. हे मुद्दाम कळवायचं कारण, बातमी साताऱ्यापर्यंत पोचली असेल. इथे जोतीरामानं माझ्या नावानं हॉटेल अर्धा दिवस बंद ठेवलं होतं. मी जिवंत आहे हे कळल्यावर तो त्या अर्ध्या दिवसाबद्दल हळहळला.

झालं ते असं. सेलमचं दुकान मेव्हण्याच्या, अर्जुनाच्या हवाली करून दिवाळीला घरी आलो तो ताप घेऊनच. वीस दिवस उतरेना. मग एका दुपारी पोटात काहीतरी फुटलं आणि मी उंबऱ्यातच आडवा झालो. उसाच्या ट्रकमधून मिरजेला नेलं. विषमज्वरानं आतड्याला भोक पडलं होतं. डॉक्टरांनी नासका भाग कापून टाकला आणि उरलेल्या लहान आतड्याचं तोंड पोटावर उजव्या बाजूला बाहेर काढून ठेवलं. पिकल्या तोंडल्याएवढं, तसंच लालबुंद. परसाकडचा सगळा कारभार आता तिथून. खालचं दार बंद. तोंडावर रबरी पिशवी बांधायची, भरली की रिकामी करायची. त्याला वेळकाळ नाही आणि आवाजाची लाज नाही. आमच्या अख्ख्या गावात एवढं बोलणारा दुसरा कोणी नसेल.

हे कायमचं नाही, असं डॉक्टर सांगतात. तीन महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करायचं, तोंड पुन्हा आत घालून जोडायचं, की मी पूर्वीसारखा.

तर काम असं. दवाखान्यानं दिलेला पट्टा सुताच्या नाडीसारखा आहे. पिशवी घसरते, गळते, आणि जिथे गळते तिथली कातडी तेजाब पडल्यासारखी जळते. तू पलटणीचा शिंपी. मला कॅनव्हासचा पट्टा शिवून एस.टी.नं पाठव. कंबर छत्तीस होती, ती आता एकतीस धर. कातडीसाठी 'कराया' नावाची परदेशी पूड डॉक्टरांनी लिहून दिली आहे, ती सांगली-मिरजेत मिळत नाही. चिठ्ठी सोबत जोडली आहे.

हे फक्त घरात अंजनाला आणि तुला ठाऊक. गावाला अपेंडिक्स सांगितलंय. खरं कळलं तर पंगतीला माझ्या शेजारी कोण बसेल?

तुझा,
नाथाजी


सातारा, सदर बाजार
२१ डिसेंबर १९७४

नाथा,

गिऱ्हाइकं जाऊ दिली नाहीत. शनिवारी गिऱ्हाईक जाऊ देणारा शिंपी रविवारी उपाशी राहतो. मशीनच्या आड बसून वाचलं. मेहरुनला सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, "जेवतायत का न्हाई नीट, त्येवढं इचारा." तेवढं कळव.

पट्टा पाठवलाय. बाहेरून पलटणीचा कॅनव्हास, आतून मांजरपाट, पितळी बकल, पिशवीला कप्पा आणि वर झाकण. बांधून बस, ऊठ, वाकून बघ.

तुझी चिठ्ठी इथल्या जडीबुटीवाल्या म्हाताऱ्याला दाखवली. तो हसायलाच लागला. म्हणाला, "आवं, ह्यो तर कांडोळाचा डिंक!" आपल्याच डोंगरातल्या झाडाचा. इथून बोटीनं जातो आणि डब्यात बसून साहेब होऊन परत येतो. पाव शेर कुटून, वस्त्रगाळ करून सोबत दिलाय.

तुझ्यासाठी शिवलेला हा दुसरा पट्टा. पहिला चोवीस वर्षांपूर्वी, विट्यात माझ्या बापाच्या दुकानात, तू पहिल्यांदा सेलमला निघालास तेव्हा. त्यात काय भरून नेलंस ते मी तेव्हा विचारलं नाही. या वेळी काय भरणार हे निदान ठाऊक आहे.

मार्चात ऑपरेशन बसतं. तारीख कळव.

दस्तगीर


विटा
१२ जानेवारी १९७५

दस्तगीर, गड्या,

तुझ्या हातांना सोन्याची अंगठी घालायला हवी. पट्टा बांधून मी परवा बांधावरून उडी मारली. पिशवी जागची हलली नाही. डिंकानं कातडी आठ दिवसांत भरून आली. भाभीला सांग, जेवतो. मऊ भात, कुस्करलेली भाकरी, मीठ घातलेली पेज तांब्यानं. शेंगदाणा बंद, मक्याचं कणीस बंद.

पण खरी मजा पुढेच आहे. तुझ्या पट्ट्यानं मला शेठ केलं.

तू आमच्या भागातला, तुला सांगायला नको. इथल्या घराघरातला एकेक जण परमुलखात गलाईच्या दुकानात सोनं-चांदी गाळतो आणि सोनं घरी येतं ते कमरेला बांधून, सदऱ्याखालून, वर हात ठेवून. आता मी कसा चालतो? उजवीकडे फुगवटा, वर हात, गर्दीत अंग चोरून. पावलापावलाला जपणं.

माझे कान तुला ठाऊक आहेत. इतकी वर्षं दगडावर नाणं आपटून खरं-खोटं ओळखलंय. जोतीरामाच्या हॉटेलात तट्ट्याआड दोघं बोलत होते, ते जसंच्या तसं देतो:

"अपेंडिस कसलं रं? त्यो सेलमचा माल हाय. बकल बगितलंस का, पितळी?"

"किती आसंल?"

"दीड शेराला मरान न्हाई. मानूस निम्मा झालाय, सोन्याच्या वज्झ्यानं खंगलाय."

मी बाहेर आलो तर जोतीरामानं बाक सोडून घरातली खुर्ची आणली. फडक्यानं पुसली. "बसा नाथाजीशेट. जपून बसा." गेल्या वर्षी मी शाळेत बाजाची पेटी दिली, 'शून्यातून वर आलो' म्हणून अर्धा तास भाषण केलं, तेव्हा या माणसानं मला लाकडी ठोकळ्यावर बसवलं होतं. आयुष्यभर गाळलेल्या सोन्यानं जो मान मिळाला नाही तो माझ्या घाणीनं मिळवून दिला.

फक्त हंबीरदादा काही बोलत नाही. रोज दिवस उगवताना मी बादली आणि कुदळ घेऊन बांधाच्या कोपऱ्यावर बाभळीखाली जातो, राख टाकून सगळं पुरतो, फाटक्या पिशव्याही तिथेच. तो त्याच्या गोठ्यातून बघत असतो. सख्खा भाऊ, मध्ये एक बांध, आणि सहा वर्षं शब्द नाही. आई गेली त्या वर्षी तिची सोन्याच्या पुतळ्यांची माळ लांबवल्याचा आळ त्यानं माझ्यावर घेतला, तेव्हापासून.

संक्रांतीचा तिळगूळ घ्या.

नाथाजीशेठ


सातारा
२५ जानेवारी १९७५

शेठ,

दोन वेळा वाचलं. खुर्चीबद्दल पानभर आहे. तारखेबद्दल ओळ नाही.

दस्तगीर


विटा
२२ फेब्रुवारी १९७५

दस्तगीर,

रागावू नकोस. मिरजेला जाऊन आलो. डॉक्टरांनी पोट चाचपलं, फोटो काढले आणि म्हणाले, आत सगळं भरून आलंय, कधीही या. मात्र पहिल्या वेळी तीन बाटल्या रक्त लागलं. माझं रक्त दुर्मीळ निघालं, बी निगेटिव्ह. तेव्हा दवाखान्यातल्याच तीन अनोळखी माणसांनी दिलं म्हणून वाचलो. आता एक बाटली आधी हाताशी असली तरच तारीख. "सख्खं कोणी बघा," म्हणाले, "घरात सापडायचा संभव जास्त." अंजनाचं तपासलं, जुळत नाही.

तसं घाईचं काय आहे? उसाला तोडणी आली आहे. शिवाय त्या तोंडल्याची आणि माझी आता ओळख झाली आहे. परवा एका लग्नात पंगतीला बसलो होतो. सगळे शांत, श्लोक चाललाय, आणि माझ्या सदऱ्यातून म्हैस रवंथ करते तसा आवाज. शेजारचे सोसायटीचे चेअरमन लालासाहेब दचकले आणि स्वतःच्याच पोटाकडे बघू लागले. मी म्हटलं, "व्हतंय आसं. वय झालं." ते म्हणाले, "व्हय, लय तेलकट हाय."

एक वाईट झालं. आठवड्याच्या बाजारात, गर्दीत, कुणीतरी पातं लावलं. सदरा फाटला, पट्टा फाटला, पिशवीही फाटली. माझ्या अंगाला ओरखडा नाही. मागून "आई गं!" असं कुणीतरी केलं आणि गर्दीतून हात झाडत पळालं. त्या माणसाचा विचार मनात आला की मला अजून हसू येतं. एवढी मेहनत, एवढा सफाईचा हात, आणि पदरात काय पडलं!

फाटका पट्टा पाठवला आहे. त्याच मापाचा नवा शिवून दे. जरा जाड कॅनव्हास लाव, दोन-चार वर्षं टिकेल असा.

नाथाजी


सातारा
५ मार्च १९७५

नाथा,

'दोन-चार वर्षं' वाचलं आणि कात्री खाली ठेवली.

काल दुकान बंद करून मिरजेला गेलो. बोटाला सुई टोचून घेतली. ए पॉझिटिव्ह. चोवीस वर्षं तुझे पट्टे शिवतोय, पण रक्त जुळलं नाही. तिथली नर्स म्हणाली, "सख्खा भाऊ नाही का त्यांना?" मी म्हटलं, "आहे. मध्ये बांध आहे." तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

नवा पट्टा शिवणार नाही. फाटका परत पाठवतोय. नुसता धावदोरा घातलाय, कच्चा. महिनाभर धरेल. त्यानंतर उसवला तर साताऱ्याकडे बघायचं नाही, बांधापलीकडे बघायचं. हंबीररावाकडे जा आणि माग. तुझ्या जागी मी असतो तर गेलो असतो, असं म्हणणार नाही. पण माझ्यावर आळ नाही आणि तुझ्यावर आहे, एवढा फरक ध्यानात घेऊन सांगतोय.

दस्तगीर


विटा
१६ मार्च १९७५

दस्तगीर,

तुझा धावदोरा मिळाला. पलटणीत असताना असाच शिवत होतास काय? मग त्या लढाया जिंकल्या कशा, याचं नवल वाटतं.

दादाकडे मी जाणार नाही. ज्यानं भर तेराव्याला, लोकांत, 'आईची माळ कुठाय' म्हणून विचारलं, त्याच्यापुढे हात पसरू? मी म्हटलं होतं, मला काय ठाऊक. त्यावर तो उठून गेला. आता त्याला सांगू, माळेचं राहू दे, बाटलीभर रक्त काढ?

पण कालची गोष्ट ऐक आणि राग सोड.

भर दुपारी मी सोप्यात पडलो होतो. बांधाकडून कुदळीचा आवाज आला. बघतो तर हंबीरदादा बाभळीखाली खणतोय! धोतर खोचून, घामाघूम. बांध दुरुस्त करतोय असं दाखवायला शेजारी चार दगड मांडून ठेवले होते. पलीकडच्या रस्त्यावर जोतीराम आणि आणखी दोघं माना वर करून उभे. दादा खणतोय, खणतोय. एकाएकी कुदळ थांबली. तो वाकला. सावकाश ताठ झाला. मग नाकाला धोतराचा सोगा. मग हातात एक फाटकी रबरी पिशवी, तिच्याकडे बघत तो किती वेळ उभा! मी उशीत तोंड खुपसून हसलो. टाके नाहीत हे बरं, नाहीतर तुटले असते.

अंजनाला दया आली. साबण आणि बादलीभर ऊन पाणी घेऊन बांधावर गेली. अर्धा तास ती तिथेच. आली ती रिकामी बादली घेऊन. मी म्हटलं, "काय म्हनतोय सोनं काढणारा?" तर म्हणाली, "हात धुतलं त्येंनी." आणि चुलीकडे गेली.

नाथाजी


सातारा
२१ मार्च १९७५

नाथा,

हसलास, छान केलंस. हात धुवायला अर्धा तास लागत नाही. हॉटेलात तट्ट्याआडचं तुला ऐकू येतं. स्वतःच्या बांधावर बायको काय बोलली ते त्या कानांना ऐकू आलं नाही?

एकच विचारतो. माळेत पुतळ्या किती होत्या?

दस्तगीर


विटा
२ एप्रिल १९७५

दस्तगीर,

तुझं ते एक विचारणं राहू दे. आनंदाची बातमी आहे. मिरजेहून कार्ड आलं: बी निगेटिव्ह रक्ताची बाटली जमा झाली आहे, सात तारखेला भरती व्हा, आठला ऑपरेशन.

मी लगेच ओळखलं. हे तुझं काम. पलटणीतला कोणीतरी जुना गडी गाठलास आणि गुपचूप नेऊन टोचलास. वर मला भावाकडे जा म्हणून दटावत होतास! त्या माणसाचं नाव कळव, त्याच्या घरी पेढे पोचवीन.

आता तुला एक लिहितो, ते कुणाला वाचून दाखवू नकोस. मला भीती वाटते. मागच्या वेळी मला शुद्ध नव्हती, म्हणून भ्यायला सवड झाली नाही. या वेळी स्वतःच्या पायानं चालत जाऊन टेबलावर झोपायचं. ऊस, खुर्ची, तोंडल्याची ओळख, हे सगळं त्या भीतीचंच होतं. तू ते पहिल्या दिवसापासून ओळखलंस, हे मला धावदोऱ्यावरून कळलं.

तुझा धावदोरा परवा उसवला. अंजनानं सुतळीनं बांधलाय.

नाथाजी


तार
सातारा, ५ एप्रिल १९७५

बाटली माझी नव्हे. मुकाट जा. दस्तगीर.


मिरज, दवाखाना
१३ एप्रिल १९७५

दस्तगीर,

आडव्यानं लिहितोय, अक्षर समजून घे. ऑपरेशन पार पडलं. पोटावर आता तोंड नाही, तिथे टाक्यांची रांग आहे. तुझ्यापेक्षा बारीक शिवण.

ऑपरेशननंतर डॉक्टर रोज एकच विचारायचे: "वारा सरला का?" खालचं दार चार महिने बंद. ते उघडलं, हे त्या आवाजावरूनच कळायचं. तोवर चमच्यानं पाणी. सगळा वॉर्ड कान देऊन बसला होता. शेजारच्या खाटेवरचे आटपाडीचे केरबाआप्पा सकाळी उठल्यावर देवाच्या आधी मला विचारायचे, "आलं का पाव्हणं?"

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात हंबीरदादा उभा. डोक्याला पटका, काखेत घोंगडं. स्टूल ओढून बसला. बराच वेळ आम्ही दोघं सलाइनच्या बाटलीकडे बघत होतो.

"बरं हाय?"

"बरं हाय."

सहा वर्षांत आमचं एवढं बोलणं झालं नव्हतं.

"सगळी चढली न्हवं? सांडली न्हाई न्हवं वाया?"

"काय?"

"बाटली."

"कुनाची?"

"माजी. मग आनि कुनाची?" त्यानं बाही वर केली. कोपराच्या खळग्यात निळा डाग, अजून गेला नव्हता. "आंजना म्हनली, तुमचंच जुळंल. आलो, टोचून घेतलं. त्यास्नी सांगितलं, नाव सांगू नका म्हून."

तो पुढे म्हणाला, "आता तुज्यात माजं बाटलीभर हाय. ह्येची वाटनी कशी करायची, त्येवढं सांग."

दस्तगीर, तू विचारलं होतंस ते तुझ्या आधी त्याला सांगितलं. म्हटलं, "दादा, आईची माळ मीच नेली, अठरा पुतळ्यांची. तिनंच दिली, कमरंला बांधून. तुला सांगू नगं म्हनली. सेलमात पैल्या मुशीत तीच गाळली. तेराव्याला मी खोटं बोललो."

तो घोंगड्याच्या दशा ओढत बसला. अख्खा वॉर्ड भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करत होता. आणि त्या शांततेत, गड्या, पाव्हणं आलं. असं आलं की खाट हलली. केरबाआप्पा उठून बसले आणि टाळ्याच वाजवायला लागले. नर्स धावत आली. "झालं का? कुणाचं?"

"आमच्या धाकट्याचं," दादा म्हणाला. मग माझ्याकडे बघून सावकाश बोलला, "सा वर्सांत पैल्यांदा तुज्यातनं कायतरी खरं भाईर पडलं."

दोन्हींपैकी तो कशाबद्दल बोलला, हे मी विचारलं नाही.

आज पेज प्यायलो. भाभीला सांग.

आता गावची बातमी. दादानं बाभळीखाली काय निघालं ते कुणाला सांगितलं नाही. पण तो खणत होता हे जोतीरामानं बघितलं होतं आणि खणल्यावर दहा-बारा दिवसांनी तो नवा सदरा घालून, कुणाला न सांगता मिरजेला गेला, हेही. गावानं दोनात दोन मिळवून चार केले. माझं सोनं आता दादाकडे आहे. हॉटेलात खुर्ची त्याच्यासाठी येते. लालासाहेब त्याला सोसायटीत उभं राहा म्हणून घरी येऊन गेले. मी म्हटलं, "मग खरं सांगून टाक की." तर म्हणतो, "काय सांगू? घाण घावली म्हून सांगू? त्यापरीस गाव वाटनी झाली म्हनतंय, तर म्हनू दे."

उठताना जरा घुटमळला. मग म्हणाला, "तुज्या त्या दोस्ताला सांग, येक पट्टा शिव म्हनावं. पितळी बकलाचा. कापूस भरला तरी चालंल."

तर माप लिहून घे. कंबर अडतीस. 'शून्यातून वर आलो' हे भाषण आता बंद, त्यामुळे शाळेत बोलावणं आलं तर त्यालाच पाठवीन.

पट्ट्यात कापूस भर, तो म्हणतो तसा. पण डाव्या अंगाला एक कप्पा रिकामा ठेव, झाकणाचा. अर्जुनाला मी सेलमला लिहिलंय, काय घडवून आणायचं ते. कप्प्यात पुतळ्या बसल्या पाहिजेत. आधी 'नऊ' लिहिलं होतं, ते खोडलंय, तुला वाचता येईलच. अठरा धर.

आणि या वेळी धावदोरा नको. पक्की शिलाई घाल.

तुझा,
नाथाजी